सीलबंद खुराडं

तमाम वाचकांना, आणि विशेषतः ज्यांच्या घरी कोंबड्या किंवा नुकतेच निवृत्त झालेले सासरे आहेत त्यांना, या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, वाडीतल्या आमच्या घरामागच्या कोंबड्यांच्या खुराड्याला एके काळी रोज संध्याकाळी कुलूप, साखळी, सुतळी आणि वरून लाखेचं सील लागत असे. सील साक्षीदारासमक्ष लागे. साक्षीदार मी. सदर खुराड्यातून त्याच काळात तीन कोंबड्या नाहीशा झाल्या आणि सील एकदाही तुटलं नाही. या प्रकरणातली माणसं आता एकतर हसून मोकळी झाली आहेत किंवा ऐकण्याच्या पलीकडे गेली आहेत, म्हणून मी आज तोंड उघडते आहे.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नागपुरातून अमरावती रोडनं बाहेर पडलं की वाडी लागायची. ट्रान्सपोर्टची गोदामं, रांगेनं उभे ट्रक, टायरवाले, चहाच्या टपऱ्या आणि गोदामांच्या पाठीशी भाड्याच्या खोल्या. त्यांतल्या दोन आमच्या. मागे अंगण, अंगणाच्या टोकाला विटामातीचं खुराडं आणि त्याच्या पलीकडे बोरी-बाभळींचं रान. नवरा एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, लिहायचा. सकाळी जायचा, दिवेलागणीनंतर यायचा, जेवायचा आणि झोपायचा. या गोष्टीत त्याचा उपयोग एवढाच.

घरातली खरी माणसं दोन. सासरे, ज्यांना आमच्याकडच्या रीतीनं मी मामाजी म्हणायची, आणि सासूबाई, म्हणजे आत्याबाई.

मामाजींनी उभं आयुष्य एका गोदामाची चौकीदारी केली होती. त्या वर्षी मालकानं ते जुनं गोदाम विकलं आणि रस्त्याच्या पलीकडे दुप्पट मोठं बांधायला घेतलं. नव्या गोदामाला चौकीदार कोण, हे मालकाचा मुनीम ठरवणार होता. मामाजींनी विचारलं तर मुनीमजी म्हणाले, "शटर बसू द्या, मग बघू." दोन तरणी पोरंही त्याच कामासाठी मुनीमजींच्या मागे लागली आहेत, हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. मामाजींना तर होतंच.

तेव्हापासून हा माणूस घरात बसेना. बसेना म्हणजे शब्दशः बसेना. जेवताना दोन घासांमध्ये उठून दाराची कडी बघून यायचे. दुपारी खाटेवर आडवे झाले की पाय हलत राहायचे. रस्त्यावर ट्रकचा गिअर बदलला की उठून उभे. पहिल्या खोलीतून दुसऱ्या खोलीत, दुसरीतून अंगणात, अंगणातून परत. हातात काठी. आमच्या घराला राखण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांची गस्त चालू होती. आत्याबाई भाजी चिरता चिरता म्हणायच्या, "बसा ना जी थोडंसं. मले गरगरून राहिलं."

"मी काय तुह्या डोक्यावर चालून राहिलो काय?" मामाजी म्हणायचे, आणि पुढच्या फेरीला निघायचे.

अशात एका सकाळी आत्याबाईंची एक कोंबडी गेली. खुराड्याच्या फळीला खाली फट होती, तिथं पिसं पडलेली, आणि मातीत मांजराच्या पंजापेक्षा जरा लांबट ठसे. शेजारीण म्हणाली लोमडी. पुस्तकात जिला खोकड म्हणतात ती ही, कोल्ह्याची धाकटी बहीण. आत्याबाईंच्या आठ कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा. आता सात राहिल्या. त्या तिथंच ओट्यावर बसल्या आणि गेलेल्या कोंबडीचे गुण सांगू लागल्या.

मामाजींनी ठसे बघितले. फट बघितली. आणि कित्येक दिवसांनी प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"हे आता माह्यावर सोड," ते म्हणाले.

त्याच दिवशी फळी बदलली. कुलूप आलं, साखळी आली. संध्याकाळी मामाजींनी जुन्या पेटीतून लाखेची कांडी काढली, मेणबत्ती काढली आणि पितळेचं एक मोठं बटण काढलं. गोदामाला सील कसं लागतं हे मी त्या दिवशी शिकले. कुलपावरून सुतळीचे दोन वेढे, गाठीवर कापडाचा तुकडा, त्यावर वितळलेली लाख, आणि लाख ओली असतानाच वरून बटणाचा ठसा. एक जण लावणार, एक जण बघणार. बघणाऱ्याशिवाय सीलला किंमत नाही.

"सूनबाई, माल मोज," मामाजी म्हणाले.

मी कोंबड्या आत जाताना मोजू लागले. "एक, दोन..."

"एक नाही. लाभ म्हन. माल मोजताना एक म्हनत नाहीत. लाभ, दोन, तीन."

तर लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आणि वर कोंबडा. कोंबड्या काही पोत्यांसारख्या शांत नव्हत्या. तिसरी आत जायची आणि पहिली बाहेर यायची. रोज संध्याकाळी मी पदर खोचून अंगणभर धावायची, आत्याबाई ज्वारीचे दाणे दाखवत कुर्र कुर्र करायच्या, आणि मामाजी हातात वितळती लाख घेऊन ओरडायचे, "घाई करा, लाख थिजून राहिली." घरभर लाखेचा वास. वरणालासुद्धा.

चौथ्या दिवशी सकाळी मामाजी टपरीवरून आले. रोज पहाटे पाच वाजता ते सील तपासून टपरीवर जायचे, कारण मुनीमजी तिथं चहा घ्यायचे आणि मामाजींना वाटायचं की रोज नजरेसमोर उभं राहिलं तर आठवण राहते. अर्ध्या तासानं परत येऊन मग ते सील फोडायचे. त्या दिवशी त्यांनी सील तपासलं. शाबूत. फोडलं. दार उघडलं. मी मोजलं. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा.

"परत मोज."

परत सहाच.

आता तुम्ही म्हणाल, लोमडी दुसरीकडून आली. तुम्ही गोदामावर काम केलेलं नाही. गोदामाचा चौकीदार असा विचार करत नाही. सील शाबूत आणि माल कमी, याचा गोदामात एकच अर्थ असतो: भरताना मोजणाऱ्यानं चूक केली. मामाजींनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्याच पदरात कोंबडी असल्यासारखं वाटायला लागलं.

"काल तू सात म्हनली."

"सातच होत्या, मामाजी."

"कोंबडा धरून तर नाही मोजला?"

"कोंबडा मला ओळखू येतो."

"तिले काहून धमकावून राहिले जी?" आत्याबाई आतून म्हणाल्या. "पोरगी शिकलेली आहे. सातपर्यंत येते तिले."

त्या संध्याकाळपासून दोनदा मोजणी सुरू झाली. एकदा मी, एकदा मामाजी. आणि घरात एक फर्मान निघालं: लोमडी हा शब्द काढायचा नाही. ज्या माणसाला आपल्या अंगणातल्या कोंबड्या राखता येत नाहीत, त्याच्या हातात मुनीमजी साखरेची पोती कशाला देतील? बाहेर कुणी कोंबडी कमी दिसते म्हणालं तर काहीतरी सांगायचं.

काहीतरी सांगण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगते, मी ते मन लावून केलं. माझं माहेर नरखेड तालुक्यातलं. शेजारणीला मी सांगितलं की ती ठिपक्यांची कोंबडी मी माहेरी पाठवली, संत्र्याच्या बागेत. इथल्या ट्रकच्या धुरानं तिला खोकला झाला होता. एसटीनं गेली, माझ्या भावाच्या मांडीवर बसून. दुसरी गेली तेव्हा ती पहिलीला सोबत म्हणून गेली. शेजारीण म्हणाली, "मोठी नशीबवान कोंबडी वं, आमाले कोनी नाई पाठवत." मामाजी दाराआडून ऐकत होते. मला वाटलं, रागावतील. पण ते फक्त म्हणाले, "भाऊ कोन्या गाडीनं गेला ते पक्कं ठेवजो. विचारलं तर बदलू नोको."

दुसरी गेली होती तेव्हाही सील शाबूतच होतं.

तिसरी गेली ती माझ्या डोळ्यांसमोर. त्या पहाटे मला अंगात कणकण होती म्हणून मी नळावर गेले नाही. एरवी त्या अर्ध्या तासात मामाजी टपरीवर, आम्ही दोघी सार्वजनिक नळाच्या रांगेत, नवरा घोरत, आणि रस्त्यावर ट्रकांची घरघर. आमचं वेळापत्रक आमच्यापेक्षा चांगलं कुणाला पाठ होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी ओट्यावर चादर गुंडाळून उभी होते. खुराड्यामागे आमच्या घरमालकानं टाकलेले ट्रकचे जुने टायर पडलेले होते. त्यातल्या एका टायरमधून, खिडकीतून यावी तशी, लोमडी बाहेर आली. मांजरापेक्षा जराशी मोठी, राखी-तांबूस, शेपटीचं टोक काळं. तोंडात कोंबडी. ती थांबली. माझ्याकडे बघितलं. घाई अशी तिला नव्हतीच. मग रानात गेली.

मी टायर सरकवून बघितलं. खुराड्याच्या मागच्या भिंतीखाली तिनं सुबक बीळ पाडलं होतं. मामाजी इतके दिवस समोर काठी घेऊन येरझारा घालत होते, कुलूप ओढून बघत होते, सीलवर बोट फिरवत होते, आणि मागे एकदाही गेले नव्हते. जातील कसे? त्यांच्या जुन्या गोदामाची मागची भिंत दुसऱ्या कंपनीच्या गोदामाला चिकटलेली होती. त्यांच्यासाठी गोदामाला पुढची बाजूच तेवढी होती.

आत्याबाई नळावरून आल्या तशी मी त्यांना मागे नेलं. त्यांनी डोक्यावरचा हंडा न उतरवताच बीळ बघितलं.

"मामाजींना सांगू?" मी विचारलं.

"काय सांगशील? की तुमी पुढं बसले होते अन् ते मागून येत होती?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे ऐकलं तं तो मानूस मुनीमापुढं उभा नाई राहनार वं. घरी बसनार. अन् घरी बसला तं बसनार नाई. माह्या जिवाले समजते."

तर आम्ही दोघींनी गुपचूप काम सुरू केलं. दुपारी मामाजी नव्या गोदामाचं शटर कुठवर आलं ते बघायला जायचे, तेव्हा आम्ही बिळात दगड ठोकले, बाभळीच्या काट्या कोंबल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी नवीन बीळ. तेही बुजवलं. मग तिसरं. आत्याबाईंनी कमरेवर हात ठेवून ती पोखरलेली भिंत बघितली आणि निकाल दिला की कोंबड्या इथं झोपणार नाहीत. चुलीशेजारी बांबूचं डालगं उलटं घालून त्याखाली झोपतील. आणि सील खुराड्याला लागत राहील.

हे ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. संध्याकाळी लाभ, दोन, तीन करत चार कोंबड्या आणि कोंबडा पुढच्या दारानं आत. सील. मामाजी खुशीत रस्त्यावर फेरी मारायला. ते वळणावर गेले रे गेले की आम्ही दोघी टायरांमागे. मागच्या भिंतीतल्या चार विटा आम्ही सोडवून ठेवल्या होत्या. विटा काढायच्या, आत्याबाईंनी हात घालून एकेक कोंबडी ओढायची, मी पदरात घ्यायची, चोच धरायची, स्वयंपाकघरात पळायची. मग त्या भगदाडावर फुटका पाटा टेकवायचा. पहाटे मामाजी टपरीवर गेले की उलटं सगळं. पदर, पळणं, पाटा, विटा. नळाची पाळी चुकली तर भांडणं वेगळी. कोंबड्याचा स्वभाव चिडका झाला. माझाही. मी रात्री झोपेत उठून बसायची आणि चार हा आकडा म्हणायची, असं नवरा सांगतो.

पण कोंबडी एकही गेली नाही. आठवडा झाला, दुसरा गेला. मामाजी सील फोडायचे, मी मोजायची, चार म्हणजे चार. त्यांची मान वर झाली. चालणं सावकाश झालं. एक दिवस चक्क पूर्ण जेवण एका जागी बसून जेवले. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पोळी वाढताना हात जरा थांबला.

बिघडलं ते त्यांच्या आनंदानं. टपरीवर त्यांनी मुनीमजींना खुराड्याच्या सीलची सगळी पद्धत सांगितली. मुनीमजी हसून हसून चहा सांडवते झाले. म्हणाले, "कोंबड्यांना सील? हे बघायला पाहिजे. आता शटर बसलंच आहे. उद्या-परवा चौकीदाराचं ठरवायचंच आहे." हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामाजी टपरीवर गेले. आत्याबाईंनी डालगं उचललं, मी कोंबड्या पदरात घेतल्या आणि टायरांमागे आले. बघते तर पाटा बाजूला पडलेला. आदल्या संध्याकाळी मला वाटलं आत्याबाईंनी लावला, त्यांना वाटलं मी लावला. पण कोंबड्या घरात होत्या, तेव्हा काय बिघडणार होतं? आत फार तर एक अंडं होतं, कोंबड्यांनी तिथंच अंडी घालावीत म्हणून खुणेला ठेवलेलं. मी कोंबड्या आत सोडायला वाकले, तोच पुढून आवाज आला.

"या मुनीमजी. इकडून या. सांभाळून, चिखल आहे."

मी जे केलं ते विचार करून केलेलं नाही. पायानं पाटा भगदाडावर लोटला, कोंबड्या छातीशी धरल्या आणि वाकून, भिंतीच्या आडोशानं स्वयंपाकघरात शिरले. खुराडं रिकामं, सील ताजं, आणि मुनीमजी अंगणात. आम्ही कोंबड्या डालग्याखाली कोंबल्या आणि दारात येऊन उभ्या राहिलो.

मुनीमजी म्हणजे धोतर, काळी टोपी, आणि पावसाळा नसला तरी काखेत छत्री. मामाजींनी त्यांना बसायला वेताचा मोडा दिला. ते बसले. मामाजी खुराड्यापाशी उभे राहिले, पाठ ताठ, आणि बोलू लागले.

"हे कुलूप. हे साखळी. हे सुतळी, दोन येढे. हे लाख. बोट लावून पाहा साहेब."

मुनीमजींनी बोट लावलं. "वा," ते म्हणाले. "अगदी पक्कं."

"काल संध्याकाळी पाच नग आत गेले. साक्षीदार सूनबाई. किती होते?"

"पाच," मी म्हणाले.

"मी नसताना इथं कोनी आलं नाही. सील पाहिलं तुमी. आता माल पाहा." मामाजींनी सील फोडलं, कुलूप काढलं, साखळी सोडली. मी डोळे मिटून घेतले. रिकामं खुराडं बघायची हिंमत माझ्यात नव्हती.

फळी करकरली. मी डोळे उघडले.

दारातून एक टोकदार नाक बाहेर आलं होतं. नाकाला अंड्याचा बलक. मग दोन कान. मग लोमडीनं डोकं बाहेर काढून उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, मामाजींकडे बघितलं, आणि मुनीमजींच्या दोन पायांमधून, धोतराला वारा देत, रानाकडे निघून गेली. मुनीमजी मोड्यावर उभे होते. केव्हा चढले ते कुणी बघितलं नाही. छत्री उघडलेली होती.

आणि त्याच क्षणी आमच्या स्वयंपाकघरात, डालग्याखाली, कोंबडा आरवला.

मामाजींनी खुराड्यात वाकून बघितलं. मग स्वयंपाकघराकडे बघितलं. मग आमच्या दोघींकडे. काठी भिंतीला टेकवून ते चालत खुराड्याच्या मागे गेले. टायर सरकवल्याचा आवाज आला, पाटा पडल्याचा आला, मग एकेक वीट उचलल्याचा. मला वाटलं, आता हे तिकडूनच रानात निघून जातात की काय.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात आमची एक सोडवलेली वीट होती.

"साहेब," ते मुनीमजींना म्हणाले, "ते मागून येत होती. मी पुढं होतो. कोंबड्या मी नाही राखल्या, या दोघींनी राखल्या. पहिले तीन गेल्या, त्याही याच भिंतीतून." एवढं म्हणून त्यांनी वीट खाली ठेवली आणि प्रथमच, त्या सगळ्या महिन्यांत प्रथमच, कुणी न सांगता खाली बसले. ओट्यावर. गुडघ्यांवर हात ठेवून.

ते बसलेलं मला बघवेना. येरझारा परवडल्या असत्या.

मुनीमजी मोड्यावरून उतरले. छत्री मिटली, टोपी नीट केली, धोतर झटकलं. त्यांच्या तोंडावर काहीच कळत नव्हतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "बघू. मालकांशी बोलतो." आणि फाटकाकडे वळले. वाडीत 'मालकांशी बोलतो' याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. त्या दोन तरण्या पोरांपैकी एकाला काम मिळालं, असा तो अर्थ.

पण नव्या गोदामाची चौकीदारी पुढे मामाजींनीच केली, आणि पहिल्या दिवसापासून मागच्या बाजूच्याही चकरा घालून केली. ती त्यांना कशानं मिळाली हे मी शपथेवर सांगू शकते, कारण मी तिथं उभी होते. मुनीमजींचा हात फाटकाच्या कडीवर होता. आत्याबाई ओट्यावरून उतरून अंगणाच्या मधोमध आल्या होत्या, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, तो सावरायचंही त्यांना सुचलं नाही. परक्या पुरुषासमोर त्या कधी मोठ्यानं बोलत नसत. त्या दिवशी मामाजींकडे हात करून बोलल्या.

"भाऊ, यायले तुमी घेऊन जा. लोमडीचं मी पाहून घेतो."